आठ हजार व्होल्ट

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लॅबच्या दाराची स्टीलची मूठ निशिगंधाने धरली मात्र, आणि तिला असा सणसणीत झटका बसला की काखेतला खोका खाली पडता पडता राहिला.

बोटं झटकत ती स्वतःशीच पुटपुटली, "नावाला टेस्टिंग लॅब... आणि दाराला साधं अर्थिंग नाही."

"दाराला आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "तुमच्या कुर्त्याला नाही."

ती वळली. तिशीच्या आसपासचा एक सडसडीत तरुण उभा होता. हातात डब्याची पिशवी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ओठांवर हसू नव्हतं, पण डोळ्यांत होतं.

"डिसेंबरची कोरडी हवा, सिंथेटिक कापड, रबरी तळव्यांचे बूट," तो सावकाश म्हणाला. "गाडीच्या सीटवरून घसरत उतरलात की अंगावर चार्ज साठतो. पहिल्या लोखंडाला हात लागला की तो तिथे उतरतो. दार बिचारं काय करणार?"

"मी हार्डवेअर इंजिनिअर आहे. मला माहीत आहे हे सगळं."

"मग दारावर आळ का घेतलात?"

निशिगंधाने काखेतला खोका सावरला. शब्दांत पकडलं जाणं तिच्या बाबतीत फार क्वचित व्हायचं.

त्याने खिशातून किल्ली काढली, मुठीत घट्ट धरून तिचं टोक दाराला टेकवलं आणि मग दार उघडून धरलं. "आधी किल्ली टेकवायची. ठिणगी किल्लीवर पडते, बोट वाचतं. कुणाकडे आलात?"

"शौनक गद्रे म्हणून कुणी आहेत. माझा बोर्ड तपासणार आहेत."

"अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे आजचा दुसरा झटका माझ्याकडून."

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कंपनीत निशिगंधा भोईर डिझाइन विभागात होती. दवाखान्यात पेशंटच्या खाटेशेजारी जो मॉनिटर असतो, नाडी आणि ऑक्सिजन दाखवणारा, तो ही कंपनी बनवायची. त्याच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो, तळहाताएवढ्या हिरव्या बोर्डवर बसवलेला. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांनी केलेले बोर्ड दुरुस्त केले, दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. हा पहिला बोर्ड पूर्णपणे तिचा होता. कागदावरच्या पहिल्या रेघेपासून.

घरी मात्र हे कुणाला नीटसं समजलं नव्हतं. ठाकुर्लीच्या चोळेगावात तिची ओळख ‘कॉम्प्युटर रिपेर करणारी पोर’ अशीच होती. रविवार उजाडला की कुणी ना कुणी काका बंद पडलेला प्रिंटर बगलेत मारून दारात हजर. आईला, सगुणाबाईंना, त्यातही अभिमान होता. शेतावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, घरात सुबत्ता आली, पण स्वतःच्या बुद्धीवर पगार आणणारी त्या घरातली पहिली बाई म्हणजे निशिगंधा.

बोर्ड पास झाला तर कंपनी तो पुढच्या सगळ्या मॉनिटरमध्ये वापरणार होती. नाही झाला तर बाहेरून तयार बोर्ड विकत घ्यायचा आणि डिझाइन विभाग बंद करायचा, असं वरच्या साहेबांनी तिच्या बॉसला, हरिहर सरांना, स्पष्ट सांगितलं होतं.

शौनकने तिचा मॉनिटर टेबलावर ठेवला, वायरी जोडल्या आणि पिस्तुलासारखं एक यंत्र हातात घेतलं. पुढे अणकुचीदार टोक.

"आठ हजार व्होल्ट," तो म्हणाला. "मघाशी दाराला तुम्ही दिलात, साधारण तेवढेच. एखादी नर्स चालत येऊन मॉनिटरला हात लावते तेव्हा हेच होतं. मॉनिटरने ते गिळून गप्प बसायचं."

टक्.

निळी ठिणगी. आणि पडदा काळा.

दोन क्षणांनी पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं, मॉनिटर पहिल्यापासून सुरू झाला, जसं काही झालंच नव्हतं.

"पुन्हा मारतो," शौनक म्हणाला.

टक्. काळा.

"तुम्हाला मजा येते का यात?" तिच्या तोंडून निघून गेलं.

त्याने पिस्तूल खाली ठेवलं. "नाही येत. खाटेवर माणूस असताना पडदा असा गेला, तर नर्सला काय वाटेल याचा विचार येतो."

तिलाही तोच विचार आला होता.

"आत काय बदलायला हवं, ते मला सांगता येणार नाही," तो मॉनिटरची पेटी उघडत म्हणाला. "तपासणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, असा आमचा नियम आहे. पण... एक विचारू? हा बोर्ड एकट्या तुमचाच ना?"

"का? बाईने केल्यासारखा वाटत नाही?"

"एकाच हाताचा वाटतो." तो वाकून उघड्या बोर्डकडे बघत होता. "या रेषा बघा. इथून निघून इथपर्यंत येतात... कुठेही घाई नाही. कुणी रांगोळी काढावी तसं. सुंदर आहे."

निशिगंधा त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. तिच्या बोर्डला स्वस्त म्हटलं गेलं होतं, महाग म्हटलं गेलं होतं, उशीर झाला म्हणून दहा वेळा ऐकवलं गेलं होतं. सुंदर आजवर कुणी म्हटलं नव्हतं. परतीच्या वाटेवर गाडी शीळफाट्याच्या गर्दीत अडकली तरी तिला तो शब्द सोडवेना. नापास झाल्याचं दुःख करायचं होतं, आणि ती बावळटासारखी खिडकीबाहेर बघून हसत होती.

पुढचे काही आठवडे ती डोंबिवलीहून ठाण्याला आणि ठाण्याहून डोंबिवलीला येत-जात राहिली. दोष शोधायचा, दुरुस्त करायचा, नव्याने जोडायचं, पुन्हा शौनकसमोर ठेवायचं. हे सगळं ती स्वतःच्या हाताने करायची. पडद्याच्या कडेला ठिणगी सोसत नव्हती, तिने तिथली जोडणी बदलली. तापमानाची टेस्ट पास. कंपनाची टेस्ट पास. दर वेळी शौनक निकाल कोरड्या आवाजात सांगायचा, आणि दर वेळी तिला वाटायचं — आवाज कोरडा आहे, डोळे नाहीत.

"तुम्ही कधी कुणाचं अभिनंदन करता का हो?" एकदा तिने विचारलं.

"करतो. रिपोर्ट गेल्यावर."

"आणि चहा? खाली टपरीवर चांगला मिळतो."

"ग्राहकाकडून काही घ्यायचं नाही."

"मी पाजत नाहीये. तुमचा तुम्ही प्या, माझा मी पिते. शेजारी उभं राहायलाही नियम आहे?"

तो थोडा गोंधळला. मान खाली घालून वायर गुंडाळू लागला, आणि ती वायर आधीच गुंडाळलेली होती, हे निशिगंधाच्या लक्षात आलं.

संक्रांतीला सगुणाबाईंनी मुलीच्या पर्समध्ये तिळगुळाची पुडी कोंबली. ठिणगीची शेवटची टेस्ट त्याच दिवशी होती. शौनकने बारा ठिकाणी टोक टेकवलं, बारा वेळा टक् झालं, आणि पडदा ढिम्म हलला नाही. तो मागे सरला. या खेपेला हसू डोळ्यांतून ओठांवर उतरलंच.

"आता फक्त एक राहिली," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात."

निशिगंधाने पुडी उघडून हात पुढे केला. "तिळगूळ."

"मी..."

"ग्राहकाकडून घेत नाही. माहीत आहे. तिळगूळ नाकारणारा मी बघितलेला पहिला माणूस तुम्ही."

तो बराच वेळ तिच्या तळहाताकडे बघत राहिला. मग त्याने दोन बोटांनी, अगदी अलगद, लाडवावरचा एकच तीळ उचलला आणि जिभेवर ठेवला.

"एवढा चालेल," तो म्हणाला. आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

त्याची बोटं तिच्या हाताला लागलीही नव्हती. तरी निशिगंधाने ती मूठ मिटली, ती गाडीत बसेपर्यंत उघडली नाही.

पुढच्या आठवड्यात ती लॅबमध्ये पोचली तेव्हा हरिहर सरही बरोबर होते. शेवटची टेस्ट म्हणून मुद्दाम आलेले. पण त्यांना टेस्टच्या खोलीऐवजी मीटिंगच्या खोलीत बसवण्यात आलं. लॅबच्या प्रमुख नीला मॅडम समोर बसल्या. पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांच्या, शब्द मोजून वापरणाऱ्या बाई. शौनक त्यांच्या शेजारी होता आणि टेबलाकडे बघत होता.

"श्री. गद्रे यापुढे तुमच्या उत्पादनाची तपासणी करणार नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"का? काय झालं?" हरिहर सर.

"तपासणारा निष्पक्ष असावा लागतो. काही वैयक्तिक संबंध असेल, तर त्याने तो आपणहून सांगायचा असतो. त्यांनी येऊन मला सांगितलं की ते आता निष्पक्ष राहू शकत नाहीत."

"कसला वैयक्तिक संबंध? नातेवाईक आहेत का कंपनीत कुणी?"

"नाही." नीला मॅडमनी चष्मा काढून पुसला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं वाक्य बोलायची वेळ त्यांच्यावर बहुधा प्रथमच आली होती. "त्यांचं तुमच्या इंजिनिअरवर प्रेम आहे. भोईर मॅडमवर."

हरिहर सरांनी समोर उघडलेली फाइल मिटली.

निशिगंधाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हरिहर सरांनी तिच्याकडे बघितलं, मग शौनककडे, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "यांना... म्हणजे, भोईरना हे माहीत होतं?"

"नव्हतं," शौनक पहिल्यांदाच बोलला. "त्यांना काहीच माहीत नाही. आत्ता कळतंय."

"त्यामुळे आधीचे निकाल मला धरता येणार नाहीत," नीला मॅडम पुढे म्हणाल्या. "सगळ्या टेस्ट मी स्वतः पुन्हा करीन. आणि नमुना तुमच्या कारखान्यात रोजच्या पद्धतीने जोडलेला हवा. दवाखान्यात जाणार असेल, तोच."

म्हणजे पहिल्यापासून. निशिगंधाला ऐकू येत होतं, पण अर्थ उशिरा पोचत होता. पास झालेलं सगळं पुसलं गेलं होतं. आणि पुसणाऱ्याचं तिच्यावर प्रेम होतं.

मीटिंग संपल्यावर तिने त्याला जिन्यात गाठलं.

"तू..." ती म्हणाली, आणि आपण त्याला अरे-तुरे करतोय हे तिला बोलल्यावर कळलं. "तुझ्या मॅडमना सांगितलंस. माझ्या बॉससमोर सांगू दिलंस. मला सांगायला काय झालं होतं रे?"

"तुझा बोर्ड माझ्या हातात होता," शौनक म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी विचारलं असतं, आणि तू हो म्हणाली असतीस, तर ते मला होतं की रिपोर्टला, हे मला कधीच कळलं नसतं. आणि नाही म्हणायचं असतं, तर तुला भीती वाटली असती. वाटली असती ना?"

तिने नुसती मान हलवली. वाटली असती.

"त्या दिवशी तिळगूळ खाल्ला आणि घरी जाताना माझ्या लक्षात आलं... शेवटची टेस्ट तू पास व्हावीस असं मला फार वाटतंय. तपासणाऱ्याला असं वाटून चालत नाही."

"तुझा खरेपणा मला केवढ्याला पडला, कळतंय तुला? आमचा विभाग बंद होईल."

"कळतंय. म्हणून तर दोन दिवस झोप नाही."

जिन्याच्या खिडकीतून येऊरच्या डोंगराची धुरकट रेघ दिसत होती. दोघं तिकडेच बघत उभे राहिले. एकमेकांकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

"रिपोर्ट हातात येईपर्यंत मला फोन करायचा नाही," ती शेवटी म्हणाली. "मेसेजही नाही."

"नाही करणार."

"आणि सगळ्या ठाण्याला कळलं, फक्त मला विचारायचं राहिलंय. तेही लक्षात ठेव."

संध्याकाळी ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या आईला तिने सगळं सांगून टाकलं. लपवायची ताकदच उरली नव्हती. सगुणाबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"सायबासमोर सांगितलान?" त्या म्हणाल्या. "सगल्यांचे समोर?"

"हो गं आई."

"आनि तुला नाय सांगितलान?"

"नाही."

सगुणाबाईंनी यावर बराच विचार केला. "कोनाचा पोर?" त्यांनी विचारलं. निशिगंधाने सांगितलं: डोंबिवलीचा, वडील बँकेतून निवृत्त, आई शिक्षिका होती. "त्याचे आयबापाला म्हाईत हाय?" ते निशिगंधाला ठाऊक नव्हतं. "बरा," म्हणून सगुणाबाई पुन्हा भाजी निवडू लागल्या. त्यांच्या मनात काय चाललंय, ते त्यांच्या हातांवरून मुळीच कळेना.

कारखान्यात नवा नमुना जोडून झाला. नीला मॅडमनी तो टेबलावर ठेवला, टोक टेकवलं.

टक्.

पडदा काळा झाला. पहिल्याच ठिणगीला.

याच टेस्टमध्ये शौनकने निशिगंधाला पास केलं होतं. बारा ठिकाणी, बारा वेळा.

गाडीत बसल्यावर हरिहर सर म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण गोष्ट उघड आहे. त्या मुलाने आपल्याला ढिलेपणाने पास केलं. आपण तशी तक्रार करू. लॅबची चूक ठरली की वरचे साहेब मुदत वाढवून देतील, विभाग वाचेल. तुम्ही फक्त नीला मॅडमना फोन करून एवढं सांगा की तो आधीपासून तुमच्याशी वेगळं वागत होता."

"पण सर—"

"खोटं कुठे आहे त्यात? तो स्वतःच म्हणाला."

ती रात्र आणि दुसरी सकाळ तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. नापास होण्याचं तिला इतकं लागलं नव्हतं. पण त्याने आपल्याला दया म्हणून, किंवा प्रेम म्हणून, पास केलं असेल तर? मग तो ‘सुंदर’ शब्दही खोटा. मग बोर्ड कधी चांगला नव्हताच, आणि एका माणसाने तिचा लाड केला होता. असल्या प्रेमाचं काय करायचं? त्यापेक्षा आठ हजार व्होल्ट परवडले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत कारखाना शांत झाला तेव्हा तिने दोन्ही मॉनिटर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. शौनकने पास केलेला, तिने स्वतः जोडलेला, आणि काल नापास झालेला, कारखान्यात जोडलेला. दोन्ही उघडले. एकेक भाग काढून समोरासमोर मांडू लागली. वायरी तशाच. बोर्ड तसाच. काही म्हणता काही वेगळं नाही.

शेवटी राहिला एक स्क्रू. बोर्डला मॉनिटरच्या लोखंडी पेटीशी जोडणारा. ठिणगी पेटीवर पडली की या स्क्रूच्या वाटेने ती बाहेर निघून जाते, बोर्डच्या अंगावर येत नाही. तिने दोन्ही स्क्रू काढले आणि खालची जागा बघितली.

काल नापास झालेल्या पेटीत तिथे पांढरा रंग होता. गुळगुळीत, कारखान्यातून आलेला.

तिने जोडलेल्या पेटीत तिथे रंगच नव्हता. खरवडलेलं उघडं लोखंड चमकत होतं.

ते तिनेच खरवडलं होतं. स्क्रू लावण्याआधी ब्लेडने रंग काढायचा, ही तिची नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची सवय. रंगातून वीज जात नाही, हे हाताला इतकं पाठ होतं की डोक्याला विचारायची वेळच आली नाही. आणि म्हणून ड्रॉइंगमध्ये ते लिहायचंच राहिलं. कारखान्यातल्या माणसांनी ड्रॉइंगमध्ये होतं तसं अगदी बरोबर जोडलं होतं.

म्हणजे शौनक खोटं वागला नव्हता. बोर्डही चांगला होता. चूक तिची होती, निव्वळ तिची, आणि तिला त्या शांत कारखान्यात रडू आणि हसू एकदमच आलं.

हरिहर सरांना तिने दोन्ही पेट्या दाखवल्या. त्यांनी उठून दार लोटलं.

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

"नाही."

"मग... भोईर, मी आपला हितचिंतक म्हणून बोलतोय. हे आपलं आपण सुधारू. लॅबला लॅबची चूक राहू द्या. पहिल्याच डिझाइनवर असा डाग कशाला लावून घेता?"

"सर, त्या माणसाची नोकरी जाईल."

"तुमचाही विभाग जाईल."

"जाऊ दे." हे आपण बोललो यावर तिचाच विश्वास बसेना. तिने टेबलाची कड धरली. "माझ्या चुकीने गेला तर जाऊ दे. पण त्याने मला फुकट पास केलं नव्हतं, सर. मी पास झाले होते. तक्रार केली तर ते सुद्धा माझं राहणार नाही."

हरिहर सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त निवृत्ती जवळ आलेले आणि घाबरलेले होते. त्यांनी समोरच्या पेट्यांवरून बोट फिरवलं, रंगावरून, मग उघड्या लोखंडावरून.

"ड्रॉइंग आज संध्याकाळपर्यंत सुधारा," ते शेवटी म्हणाले. "नीला मॅडमना तुम्हीच सांगा. वरच्या साहेबांशी मी बोलतो. शिव्या खायला मी आहे अजून."

नीला मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "पेट्या घेऊन या, मला बघायच्या आहेत," एवढंच म्हणाल्या. बघितल्यावर मात्र त्यांनी निशिगंधासाठी पाणी मागवलं, आणि बाईंना ओळखणाऱ्यांच्या मते हे फार झालं.

सुधारलेल्या ड्रॉइंगवरून कारखान्याने तिसरा नमुना जोडला. निशिगंधाने त्याला हातही लावला नाही. टेस्ट चालू असताना ती खोलीबाहेर बाकावर बसली होती आणि टक् टक् मोजत होती. मध्येच आवाज थांबला. मग दार उघडलं आणि नीला मॅडम बाहेर आल्या.

"चांगला बोर्ड आहे," त्या म्हणाल्या. "आणि तो मुलगाही कामाला चोख आहे, हे आता मी लिहून देऊ शकते. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

रिपोर्ट घ्यायला ती गेली तो दिवस फेब्रुवारीतला होता. हरिहर सरांनी सकाळीच सांगितलं होतं की पुढचा बोर्ड, मोठ्या मॉनिटरचा, तिच्याकडे देतायत आणि हाताखाली दोन माणसं. ती हो म्हणाली होती आणि मग तासभर तिचं कशातच लक्ष नव्हतं.

शौनक लॅबच्या फाटकापाशी उभा होता. रिपोर्ट निघाल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. इतक्या दिवसांत त्याने खरोखरच एक फोन केला नव्हता, एक मेसेज केला नव्हता. तो वाळल्यासारखा दिसत होता.

"अभिनंदन," तो म्हणाला. "रिपोर्ट गेलाय. आता म्हणता येतं."

"तक्रार करणार होतो आम्ही तुझी."

"मॅडमनी सांगितलं मला." तो थांबला. "केली असतीस तरी मी समजून घेतलं असतं."

"मी नसतं घेतलं." निशिगंधाने फाइल छातीशी धरली. "एक दिवस मला वाटलं होतं की तू मला फुकट पास केलंस. त्या दिवसाइतकं मला आयुष्यात काही लागलं नाही. तेव्हा कळलं मला... एखाद्या परक्या माणसाने तसं केलं असतं तर मी नुसती चिडले असते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? इंजिनिअर ना तू?"

तो हसला नाही. "निशिगंधा, तू सांगितलं होतंस की तुला विचारायचं राहिलंय. मी... इतके दिवस वाक्य जुळवत होतो. आता एकही आठवत नाही."

"मग नको विचारूस. हो."

"हो?"

"हो म्हटलं ना."

रस्त्यावरून एक टेम्पो धडधडत गेला. धूळ उडाली. दोघांपैकी कुणीही डोळे मिटले नाहीत. शौनकने हात पुढे केला, मध्येच थांबवला, आणि निशिगंधाने फाइल एका हातात घेऊन तो हात सरळ धरला. त्याची बोटं गार होती, घामेजलेली होती, आणि तिला ती आवडली.

"तुझ्या घरी कसं सांगायचं?" जरा वेळाने तो म्हणाला. "तुझ्या आईला भेटायला मी कधी येऊ? माझ्या घरी सांगितलंय मी. आई म्हणाली, आधी त्यांच्याकडे जाऊन ये. पण तुझी आई... म्हणजे आधी तू थोडी कल्पना दे, मग एखाद्या रविवारी..."

"ते तेवढं सांगायचं राहिलं," निशिगंधा म्हणाली. "आई गाडीत बसलीय."

शौनकच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने मान वळवली. फाटकापलीकडे झाडाखाली एक पांढरी मोठी गाडी उभी होती. मागची काच सावकाश खाली आली. आत सगुणाबाई बसल्या होत्या, काठापदराची साडी, गळ्यात ठसठशीत सोनं, आणि त्या त्याच्याकडे इतक्या निरखून बघत होत्या की त्याने नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

"तूच का रं तो?" त्यांनी विचारलं. "सायबासमोर बोललेला?"

"हो... मीच तो."

"मंग माझेसमोर कनाला घाबरतंस?" सगुणाबाईंनी पलीकडे सरकून शेजारची जागा मोकळी केली आणि सीटवर हात आपटला. "ये, गारीन बस. घरा मावरा रांधून आलंय मी, थंड व्हईल."

शौनकने निशिगंधाकडे बघितलं. "मी मासे खात नाही," तो अगदी हळू कुजबुजला.

निशिगंधा इतकी हसली की फाटकावरचा वॉचमन वळून बघू लागला. "ते आता तूच सांग तिला," ती म्हणाली आणि गाडीचं दार उघडून तिने त्याला आत ढकललं.